नव्याने घेतलेल्या १९७१ च्या एमजीबीच्या इंजिनातील टिकटिक: निदानासाठी मदत हवी आहे

थेम्सकाठी

सर्व सभासदांना नमस्कार. कॉलेजात असल्यापासून मनात घोळणारी इच्छा तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाली आणि १९७१ सालची, उघड्या टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आमच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही ऑक्सफर्डशरमध्ये राहतो. ज्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली तो १९८० मध्येच बंद पडला, पण ते गाव आमच्या घरापासून फार दूर नाही, त्यामुळे गाडी माहेरीच राहिली आहे असे आमच्या घरी गमतीने म्हटले जाते. इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, दोन एसयू बनावटीचे कार्बुरेटर असलेले आहे.

अडचण अशी आहे की इंजिन सुरू असताना बॉनेटखालून सतत टिकटिक ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिकीचा वेग वाढतो. गाडी पाहायला गेलो तेव्हा विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले होते, आणि आवाजाबद्दल विचारल्यावर ‘या सगळ्या गाड्या अशाच वाजतात’ एवढेच उत्तर मिळाले. मी त्या वेळी गाडीच्या रंगावर इतका भाळलो होतो की पुढे काही विचारले नाही. ऑइलचा दाब गरम इंजिनावर चालत्या गाडीत ६० पीएसआय आणि उभ्या गाडीत २० पीएसआयच्या आसपास दिसतो. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकले आणि संपूर्ण इंजिन उतरवून बांधावे लागेल असे सांगितले. तो खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. इंजिन उतरवण्याआधी मी घरच्या घरी काय तपासू शकतो, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

अँबॅसिडरकाका

गाडीबद्दल अभिनंदन. मी कोल्हापुरात पस्तीस वर्षे गॅरेज चालवले आणि त्यात निम्म्याहून अधिक काम अँबॅसिडरचेच असे. आपल्याला कदाचित ठाऊक असेल की पेट्रोलवरच्या जुन्या अँबॅसिडरमधले १४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन हे एकाच घराण्यातले, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे, सख्खे भाऊ आहेत. धाकट्याने, जिथे अँबॅसिडर बनत असे त्या बंगालमधल्या उत्तरपाड्यात राहून टॅक्सीची ओझी वाहिली आणि थोरल्याच्या वाट्याला दोन कार्बुरेटर व मोकळा रस्ता आला, एवढाच फरक. त्यामुळे आपले इंजिन मी हाताळलेले नसले तरी त्याचा स्वभाव मला ओळखीचा आहे.

ऑइलचा दाब आपण सांगता तसा असेल तर बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारे) गेले असण्याची शक्यता मला कमी वाटते. बिग एंडचा आवाज टिकटिक नसतो. तो खोल, जड ठोका असतो, आणि गाडी ओढत असताना, म्हणजे चढावर किंवा वेग घेताना, तो अधिक स्पष्ट होतो. तरीही कानावर विसंबून कोणताही निष्कर्ष काढू नये. आधी पुढील गोष्टी पाहून कळवा. आवाज थंड इंजिनावर अधिक आहे की गरम इंजिनावर? तो पुढून येतो, मागून येतो, वरून येतो की बाजूने? रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफा, ज्याखाली असतात त्या इंजिनावरच्या रॉकर कव्हरवर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावा आणि पुढून मागे सरकत ऐका. त्यानंतर तेच टायमिंग चेनच्या कव्हरवर, पाण्याच्या पंपावर आणि अल्टरनेटरवर करा. मॅनिफोल्डपाशी (इंजिनात मिश्रण आणणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी) मात्र स्क्रू ड्रायव्हर न वापरता हातभर रबरी नळी घ्या, कारण तिथे कंपन नव्हे तर निसटणारी हवा ऐकायची असते.

हे सगळे पंखा फिरत असताना करायचे आहे. मफलर, गळ्यातली साखळी, सैल बाह्या काढून ठेवूनच वाकावे. माझ्या गॅरेजमध्ये एका पोराचा रुमाल पंख्यात गेला होता. केवळ रुमालच गेला, हे त्याचे नशीब.

घाईचा_मामला

एवढा खटाटोप कशाला करायचा? बाजारात टॅपेटचा (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या भागाचा) आवाज बंद करणारी द्रव्ये बाटलीत मिळतात. एक बाटली ऑइलमध्ये ओतावी, शंभर मैल गाडी चालवावी, आवाज थांबेल. माझ्या गाडीत थांबला होता.

चिंचवडची_कंपने

वरील सूचनेबद्दल एक खुलासा करावासा वाटतो. ती द्रव्ये प्रामुख्याने हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांसाठी असतात. अशा टॅपेटमध्ये ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरली जाते, आणि आतली बारीक वाट कचऱ्याने बुजली तर ती मोकळी करण्याचे काम ही द्रव्ये कधी कधी करतात. घाईचा_मामला, आपली गाडी बहुधा तशा प्रकारची असावी. एमजीबीचे टॅपेट घन आहेत. तेथे फट ही मुद्दाम ठेवलेली असते आणि ती पान्याने व फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) लावावी लागते. बाटलीतले द्रव्य ती फट कमी करू शकत नाही.

मी चिंचवडला इंजिनांचे आवाज आणि कंपने मोजण्याच्या कामात आहे, म्हणून थेम्सकाठी यांना निदानाची एक वेगळी वाट सुचवते. आवाज कुठून येतो हे कळायला वेळ लागतो, कारण ओतीव लोखंडातून तो सगळीकडे पसरतो. पण आवाज एका मिनिटात किती वेळा होतो हे कळले तर संशयितांची यादी लगेच निम्मी होते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आपले इंजिन उभ्या गाडीत ८०० आरपीएमने फिरत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण ६ ते ७ वेळा उघडतो. त्या एकाच व्हॉल्व्हची फट वाढली असेल तर टिकटिकही तितक्याच वेळा ऐकू येईल. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला होणारा आवाज सेकंदाला १३ वेळा येईल. आठही व्हॉल्व्ह एकसारखे वाजत असतील तर सेकंदाला ५० हून अधिक ठोके होतात आणि कानाला ती टिकटिक न वाटता शिवणयंत्रासारखी सलग घरघर वाटते.

आपल्याकडे टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) असेल तर तो पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. टिकटिक आणि चमक जर एकाच ठेक्यात चालत असतील तर आवाज निम्म्या वेगाचा आहे, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूचा किंवा एखाद्या सिलिंडरच्या ज्वलनाशी निगडित आहे. टायमिंग लाइट नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ते संथ गतीने ऐका आणि ठोके मोजा.

थेम्सकाठी

काका आणि ताई, आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. काल दुपारी गाडी फिरवून आणल्यावर दोन तास गॅरेजमध्ये घालवले. निरीक्षणे अशी:

सर्वांत आधी एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करतो. ध्वनिमुद्रण करण्यासाठी किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू करण्याआधी फोन आणायला घरात गेलो. परत आलो तर इंजिन बंद असतानाही टिक... टिक... चालू होते. तो आवाज गाडीच्या मागच्या भागातून, उजव्या चाकाजवळून येत होता. म्हणजे गेले तीन आठवडे मी ज्याला इंजिनाची टिकटिक म्हणत होतो, त्यातला काही भाग इंजिनाचा नव्हताच.

इंजिन सुरू केल्यावर मात्र बॉनेटखालची टिकटिक वेगळी आणि स्पष्ट आहे. ती टायमिंग लाइटच्या चमकेबरोबर चालते. संथ केलेल्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला सुमारे ७ ठोके मोजले. स्क्रू ड्रायव्हरने ऐकले असता रॉकर कव्हरच्या मागच्या अर्ध्या भागात ती सर्वांत मोठी आहे. टायमिंग चेनचे कव्हर, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर येथे संशयास्पद काही आढळले नाही.

अँबॅसिडरकाका

मागचा आवाज एसयूच्या विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा आहे.  एसयूचा पंप मी एका जुन्या जॅग्वारवर पाहिला आहे. किल्ली फिरवल्यावर तो काही वेळ भराभर टिकटिकतो, कार्बुरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. इंजिन बंद असताना तो थांबत नसेल तर तीन कारणे संभवतात. एक तर कार्बुरेटरमधली फ्लोटची सुई (वाटी भरल्यावर पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही आणि पेट्रोल वाहून जाते आहे, किंवा पंपातला व्हॉल्व्ह पेट्रोल परत मागे सोडतो आहे, किंवा टाकी आणि पंप यांच्यामधल्या जोडातून हवा आत शिरते आहे. पहिले कारण धोक्याचे आहे, कारण वाहिलेले पेट्रोल गरम मॅनिफोल्डच्या अगदी जवळ पडते. इंजिनाचे पुढचे काम करण्यापूर्वी दोन्ही कार्बुरेटरच्या खाली बोट फिरवून ओल आहे का ते पाहा.

आता मुख्य आवाजाकडे येऊ. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढा, काढलेली वायर लगेच लोखंडाला टेकवा, आणि टिकटिक बदलते का ते पाहा. वायर धरायला रबरी मुठीचा चिमटा वापरा, हाताने धरू नका. बेअरिंगचा किंवा पिस्टनचा ठोका त्या सिलिंडरचे ज्वलन थांबल्यावर मंदावतो. मॅनिफोल्डमधून गॅस निसटत असेल तर तोही जवळजवळ नाहीसा होतो. टॅपेटला मात्र ज्वलनाचे काही देणेघेणे नसते, तो वाजतच राहतो. ही चाचणी थंड इंजिनावर एकदा आणि गरम इंजिनावर एकदा, अशी दोन वेळा करावी.

थेम्सकाठी

मागच्या कार्बुरेटरखाली खरोखरच ओल होती. फ्लोटची सुई आणि तिची बैठक दोन्ही बदलली. आता किल्ली फिरवल्यावर पंप दहा-बारा टिक करून शांत होतो. हे एक प्रकरण मिटले.

प्लगची चाचणी केली. चारही सिलिंडरच्या वायरी एकेक करून काढल्या, इंजिन प्रत्येक वेळी लंगडे झाले, पण टिकटिक तशीच राहिली. त्यामुळे टॅपेटवर लक्ष केंद्रित केले. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून थोडी थोडी ढकलत इंजिन फिरवले आणि नऊच्या नियमाने आठही फटी मोजल्या. ज्यांना हा नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढून मागे व्हॉल्व्हना १ ते ८ क्रमांक द्यायचे, आणि जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करून येणाऱ्या व्हॉल्व्हची फट मोजायची, म्हणजे दुसरा पूर्ण उघडला की सातवा, आठवा उघडला की पहिला. माहितीपुस्तिकेप्रमाणे थंड इंजिनावर फट १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर हवी. मला तिसरा आणि पाचवा १६ थाउ आढळले, ते १५ वर आणले. बाकी सगळे अचूक १५ होते.

पुन्हा इंजिन सुरू केले. टिकटिक होती तशीच आहे. आता मात्र मी गोंधळलो आहे, कारण आवाज टॅपेटचा आहे असे प्रत्येक चाचणी सांगते आणि टॅपेट बरोबर आहेत असे फिलर गेज सांगते.

घाईचा_मामला

मग आवाज बंद होईपर्यंत ते स्क्रू थोडे थोडे आवळत न्यावेत, असे मला सुचवावेसे वाटते. एक-दोन थाउने काय बिघडणार आहे?

अँबॅसिडरकाका

कृपया असे करू नका, आणि दुसऱ्यालाही सांगू नका. आमच्याकडे म्हणत असत की बोलणारा टॅपेट बरा, मुका टॅपेट इंजिन खातो. फट ठेवलेली असते ती व्हॉल्व्ह तापून लांब झाल्यावरही आपल्या बैठकीवर पूर्ण टेकावा म्हणून. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बैठकीवर टेकलेल्या क्षणांतच हेडमध्ये (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या ओतीव भागात) उतरते. फट नाहीशी झाली तर तो टेकतच नाही, तापत जातो, आणि एके दिवशी त्याची कड वितळून चंद्रकोरीएवढा तुकडा उडतो. आवाज बंद झाला म्हणून मालक खूश असतो आणि महिन्याभरात हेड उतरवायची वेळ येते.

न्यूजर्सीचा_निनाद

मी नेहमी वाचनमात्र असतो, पण अमेरिकेत माझ्याकडे गेली अकरा वर्षे १९६९ ची एमजीबी आहे, म्हणून काकांच्या मुद्द्याला जोड देतो. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या आहेत. ब्रिटनमध्ये ते पेट्रोल १९९९ च्या अखेरीस बंद झाले, आमच्याकडे त्याआधीच. ज्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठका बसवलेल्या नाहीत तेथे जोरात चालवल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुतत जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की व्हॉल्व्ह रुतला की त्याची दांडी वर सरकते आणि फट वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे या दोषात इंजिन अधिक शांत होते. आपल्याकडे एक्झॉस्टच्या फटी १५ वर टिकून आहेत, हे त्या दृष्टीने चांगले लक्षण आहे; पुढेही दर काही महिन्यांनी त्या मोजत राहा.

आपल्या कोड्याबद्दल माझा अंदाज असा आहे की फिलर गेज खोटे बोलत आहे. रॉकरचा जो भाग व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो, त्याला पन्नास वर्षांत दांडीच्या रुंदीची खळी पडते. गेजची पट्टी सपाट असते. ती त्या खळीच्या दोन्ही कडांवर टेकते आणि खळीच्या खोलीएवढी जागा मोजलीच जात नाही. आपण १५ थाउ लावता, प्रत्यक्षात मात्र १५ अधिक खळी एवढी फट असते. इंजिन मंद चालू असताना रॉकर कव्हर काढून एकेका रॉकरखाली गेजची पातळ पट्टी हळूच सरकवा. ज्याच्याखाली पट्टी गेल्यावर टिकटिक मऊ होईल तो दोषी. कव्हर काढल्यावर इंजिनाची मंद गती थोडी डळमळेल आणि थोडे ऑइल उडेल, त्याने घाबरू नका.

चिंचवडची_कंपने

दोषी सापडल्यावर त्याची खरी फट मोजायला डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) वापरावा. चुंबकी पायाचा डायल गेज हेडवर बसवा, त्याचे टोक रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या डोक्यावर टेकवा, आणि रॉकर हाताने वर-खाली हलवून सुई किती फिरते ते वाचा. रॉकरची खळी, तिरपा झालेला कोपरा, काहीही असले तरी हा आकडा प्रत्यक्षातील मोकळीक सांगतो. तोच डायल गेज व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या टोपीवर ठेवून इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो तेही लिहून ठेवा. मूळ कॅमशाफ्टमध्ये ही उचल ९ मिलिमीटरच्या थोडी वर असते. आठांपैकी एखादाच व्हॉल्व्ह इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी उचलला गेला तर कॅमचे ते टेकाड झिजले आहे असे समजावे, आणि तो दोष रॉकर बदलून जाणार नाही.

थेम्सकाठी

निनाद, तुमचा अंदाज खरा ठरला. सातव्या रॉकरखाली, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हवर, पट्टी सरकवताच टिकटिक मऊ झाली, पट्टी काढताच परत आली. चारदा करून पाहिले, चारही वेळा तेच. शेजारचे इंग्रज आजोबा कुंपणावरून हे पाहत होते. त्यांनी कोणताही शब्द न बोलता अंगठा वर केला.

डायल गेजवर सातव्याची खरी फट २४ थाउ निघाली. बाकीचे १६ ते १८ च्या दरम्यान आहेत. ताईंनी सांगितल्याप्रमाणे उचलही मोजली; आठही व्हॉल्व्ह जवळजवळ सारखे उचलले जातात, त्यामुळे कॅमशाफ्ट निर्दोष दिसतो. सातवा रॉकर हाताने धरून आडवा हलवला तर तो शाफ्टवर डुगडुगतो. आणखी एक गोष्ट म्हणजे इतर रॉकर ऑइलने माखलेले आहेत आणि हा मात्र कोरडा आहे. रॉकर शाफ्ट बाहेर काढावा लागणार हे उघड आहे. आठ नट दिसतात, ते सैल करून शाफ्ट उचलायचा, एवढेच काम आहे ना?

न्यूजर्सीचा_निनाद

थांबा, येथेच मी पहिल्या वर्षी फसलो होतो. त्या आठ नटांपैकी चार नट केवळ रॉकरचे खांब धरत नाहीत, ते हेडही धरतात. हेडला एकूण अकरा नट आहेत, चार या बाजूचे आणि सात बाहेरचे. फक्त रॉकरचे नट सोडले तर हेड एका बाजूने दाबलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे राहते, ते किंचित पिळले जाऊ शकते, आणि गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून आधी रेडिएटरमधले पाणी काढा, नंतर सगळे नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. बसवतानाही तसेच: हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंड, रॉकरचे छोटे नट २५ फूट-पाउंड, आणि एकदम न आवळता तीन टप्प्यांत. मी हे वाचले नव्हते. मला एका रॉकरच्या कामापायी संपूर्ण हेड उतरवून नवे गॅस्केट टाकावे लागले.

अँबॅसिडरकाका

निनाद यांनी माझे वाक्य माझ्या तोंडातून घेतले. अँबॅसिडरमध्येही ही चूक करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि गिऱ्हाईक आठ दिवसांनी ‘ऑइल दुधासारखे झाले’ म्हणत परत येई.

शाफ्ट बाहेर आला की त्याच्या खालच्या बाजूवरून नख फिरवा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रॉकरना वर ढकलतात, म्हणून शाफ्ट नेहमी खालून झिजतो आणि वरून पाहणाऱ्याला नवाकोरा वाटतो. नखाला पायरी लागली तर शाफ्ट बाद. रॉकर कोरडा असल्याचे आपण लिहिले आहे, त्यावरून मला वाटते की शाफ्टमधले त्याच्या वाट्याचे ऑइलचे भोक गाळाने बुजले असावे. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या बुचांमागे तो गाळ साठतो. नुसता जुना शाफ्ट आणि नवे रॉकर, किंवा नवा शाफ्ट आणि जुने बुश, अशी काटकसर करू नका. झिजलेला भाग नव्या भागाला लवकर झिजवतो.

थेम्सकाठी

पंधरा दिवस मौन पाळल्याबद्दल क्षमस्व. सुटे भाग येण्यास वेळ लागला आणि मध्ये पाऊसही होता.

शाफ्ट आपण सांगितल्याप्रमाणेच निघाला. वरून आरशासारखा, खालून प्रत्येक रॉकरच्या जागी पायरी, आणि सातव्याच्या जागी ती इतकी खोल की नख अडकते. त्याचे ऑइलचे भोक काळ्या, मेणासारख्या गाळाने पूर्ण बंद होते. टाचणीने उकरावे लागले. रॉकरच्या तळव्यावर दांडीच्या आकाराची खळी उघड्या डोळ्यांनी दिसत होती. एवढ्याशा खड्ड्याने तीन आठवडे माझी झोप उडवली होती. मी नवा शाफ्ट आणि नव्या बुशांसह दुरुस्त केलेले आठ रॉकर असा संच घेतला. ऑइल २०डब्ल्यू-५० श्रेणीचे, जुन्या इंजिनांसाठी झिंक असलेले भरले. हेडचे अकरा नट क्रमाने आवळले, फटी डायल गेजने तपासून १५ वर लावल्या, आणि इंजिन गरम झाल्यावर ऐकले. रॉकरची ती धारदार टिकटिक संपूर्ण गेली आहे. उरली आहे ती आठही टॅपेटची मंद, सलग कुजबुज, आणि ती मला आवडते.

तरीही निदान पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. आज सकाळी, गारठ्यात, गाडी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे एक वेगळी, कोरडी ‘चिक चिक’ ऐकू आली आणि इंजिन तापताच ती विरून गेली. पूर्वी ती रॉकरच्या आवाजात दडली असावी. काकांनी प्लगची चाचणी थंड आणि गरम अशी दोन वेळा करण्यास सांगितले होते. मी ती केवळ गरम इंजिनावर केली आणि पुढे गेलो, हे मला आता मान्य करावे लागते.

अँबॅसिडरकाका

मला शंका होतीच, कारण पहिल्या चाचणीत थंड इंजिनाचा उल्लेखच आपण केला नव्हता; आणि विक्रेत्याने इंजिन तापवून ठेवले होते हेही मी विसरलो नव्हतो. तापल्यावर विरणारी टिकटिक पिस्टनची असू शकते किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची. पिस्टनचा आवाज थोडा बोथट, लाकडावर बोटे वाजवल्यासारखा असतो. मॅनिफोल्ड थंड असताना फट उघडी असते, लोखंड तापून फुगले की ती मिटते, आणि त्यातून निसटणारा गॅस अगदी टॅपेटसारखाच टिकटिकतो. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही नट दोघांनाही एका जाड वायसरखाली दाबतात. दोन मॅनिफोल्डच्या कडांची जाडी सारखी नसेल तर तो वायसर एकीला दाबतो आणि दुसरीला नुसता शिवतो. उद्या सकाळी थंड इंजिनावर वायरी काढून पाहा, आणि पहिल्या व चौथ्या सिलिंडरच्या टोकांना काजळी दिसते का ते बघा.

थेम्सकाठी

पहिल्या सिलिंडरची वायर काढताच चिक चिक थांबली. जोडताच परत सुरू झाली. त्याच टोकाला गॅस्केटच्या कडेवर काजळीचा, कुंचल्याने ओढल्यासारखा काळा फराटा होता, आणि रबरी नळी तेथे नेल्यावर कानात फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. मॅनिफोल्ड उतरवले. पट्टी लावून पाहिले असता एक्झॉस्टची कड इनलेटपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर पातळ होती. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही एकत्र बांधून त्यांचे तोंड सपाट करून घेतले, पायरी असलेले वायसर आणि नवे गॅस्केट लावले.

चिंचवडची_कंपने

शक्य असल्यास दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण एकाच जागी फोन ठेवून केलेले येथे द्यावे. तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकायला मिळाले तर नवीन सभासदांना त्याचा उपयोग होईल.

थेम्सकाठी

देतो. पंपाचे आणि रॉकरचे जुने ध्वनिमुद्रण आहे. मॅनिफोल्डचे मात्र एकच, तेही पक्ष्यांच्या किलबिलाटासह आहे.

नव्या संचावर ५०० मैल झाल्यावर काल रात्री गाडी थंड होऊ दिली आणि आज सकाळी पुन्हा मोजणी केली. हेडचे नट तपासले, दोन किंचित फिरले. त्यानंतरच्या फटी: पहिला १५, दुसरा १५, तिसरा १४, चौथा १५, पाचवा १५, सहावा १५, सातवा १५, आठवा १४. तिसरा आणि आठवा १५ वर आणले आहेत. ऑइलचा दाब मंद गतीला २० वरून २५ पीएसआयपर्यंत आला आहे.

अँबॅसिडरकाका

आठवा एक्झॉस्टचा आहे. पुढच्या हजार मैलांनी तो पुन्हा १४ वर आला तर येथे लिहा, नट बसल्यामुळे तसे झाले की व्हॉल्व्ह रुततो आहे ते त्यावरून ठरवता येईल.